बीसीएल११ए हे प्रथिन, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा उपचार

गडचिरोली जिल्ह्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचा, एसएस पॅटर्न (दोन्ही पालकांकडून दोषी जनुक आलेला प्रकार) आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या ताज्या अहवालात ‘एफ’, म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण, १८ टक्के आले आहे आणि तरीही थंडीच्या दिवसांत हातापायांच्या असह्य दुखण्यामुळे तिला दवाखान्यात दाखल करावे लागते. ‘बीसीएल११ए’ नावाचे प्रथिन बंद केले की हा आजार बरा होतो, असे त्यांच्या वाचनात आले. हे प्रथिन शरीरात नेमके काय करते, ते बंद करणारी गोळी का निघत नाही, बंद केल्याने दुसरे काही बिघडत नाही का, आणि आपण त्या उपचाराची वाट पाहत थांबावे का, असे त्यांनी विचारले आहे. विदर्भातील सिकलसेलच्या रुग्णांवर उपचार करणारा रक्तविकारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकावा लागतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. बीसीएल११ए हे आजार निर्माण करणारे प्रथिन नाही. आपल्या मुलीच्या शरीरात ते निरोगी माणसाच्या शरीरात असते तसेच आहे आणि नेमून दिलेले काम चोख बजावत आहे. सिकलसेलचा दोष वेगळ्याच ठिकाणी, अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात आहे. तेथे एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते. बीसीएल११एचे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. या निर्दोष प्रथिनाला तांबड्या पेशी घडत असतानाच्या अवस्थेत, आणि केवळ त्याच पेशींत, गप्प बसवले तर दोषी जनुकामुळे होणारी हानी टळते, हा नव्या उपचाराचा गाभा आहे. ‘केवळ त्याच पेशींत’ हे शब्द गाळले की बातमी सोपी होते आणि त्याबरोबर चुकीचीही होते. पुढील सर्व विवेचन या तीन शब्दांभोवतीच आहे.

अस्थिमज्जेतील मूलपेशी, मेंदूतील चेतापेशी आणि त्वचेची पेशी यांच्यातील जनुकांचा संच एकच असतो. कोणती जनुके वाचली जातात आणि कोणती मिटून ठेवली जातात, यावरून पेशी कोणत्या कामाची होणार हे ठरते. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होणे म्हणजे प्रतिलेखन, आणि कोणतेही काम करू शकणाऱ्या पेशीने टप्प्याटप्प्याने एका ठरावीक कामाची पेशी होणे म्हणजे विभेदन. पहिल्यावर नियंत्रण ठेवल्याशिवाय दुसरे घडत नाही. डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखून त्याला चिकटणारी आणि जवळच्या जनुकाचे प्रतिलेखन वाढवणारी किंवा थोपवणारी प्रथिने हे नियंत्रण करतात. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात. बीसीएल११ए हा प्रामुख्याने थोपवणारा, म्हणजे दमनकारी घटक आहे. त्याच्या साखळीला जस्ताच्या अणूंभोवती घड्या पडून बोटांसारखे भाग तयार झालेले असतात, त्यांना झिंक फिंगर असे नाव आहे, आणि डीएनएवरील अक्षरे ओळखण्याचे काम तेच करतात. हे प्रथिन एकटे काम करीत नाही. डीएनएवर जागा पकडल्यानंतर ते ‘नर्ड’ नावाच्या प्रथिनांच्या समूहाला तेथे आणते आणि तो समूह त्या भागातील क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए व प्रथिने यांची गुंडाळी, घट्ट आवळतो, त्यामुळे प्रतिलेखन करणाऱ्या यंत्रणेला तेथे शिरकाव मिळत नाही.

आता हिमोग्लोबिनकडे वळू. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. प्रौढ माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, तर गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या हिमोग्लोबिनला ‘एफ’ म्हणतात. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत मांडलेली आहेत: आधी भ्रूणावस्थेतील एप्सिलॉन, मग एकामागोमाग गॅमाची दोन जनुके, त्यानंतर डेल्टा आणि शेवटी बीटा. या ओळीच्या अलीकडे एक शक्तिशाली नियंत्रक प्रदेश आहे. डीएनएची कमान वाकवून तो ज्या जनुकाच्या संपर्कात येतो त्याचे प्रतिलेखन जोरात होते, आणि एका वेळी त्याला एकाच जनुकाशी नीट जुळता येते. गर्भात तो गॅमाशी जुळलेला असतो. जन्माच्या आसपास गॅमाची जनुके मिटू लागतात आणि नियंत्रक प्रदेश बीटाकडे वळतो. सिकलसेलच्या बालकाच्या दृष्टीने हाच तो दुर्दैवी क्षण असतो, कारण आतापर्यंत फारसे न वाचलेले दोषी बीटा जनुक आता जोरात वाचले जाऊ लागते.

हे बदलते चित्र एचपीएलसीच्या कागदावर प्रत्यक्ष दिसते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रावर एफचे शिखर साधारण पहिल्या मिनिटाच्या आसपास उमटते आणि एसचे, म्हणजे दोषी बीटा साखळ्या असलेल्या हिमोग्लोबिनचे, साडेचार मिनिटांच्या जवळ. दोन्ही पालकांकडून एस जनुक आलेल्या नवजात बालकाच्या आलेखात डावीकडे एफचे उंच, रुंद शिखर असते, उजवीकडे एसचे लहानसे टेकाड असते, आणि मधली ‘ए’ची, म्हणजे निरोगी प्रौढ हिमोग्लोबिनची, जागा रिकामी असते; अहवालात त्याला एफएस पॅटर्न असे लिहितात. त्याच बालकाचे रक्त सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तपासले की डावे शिखर खचलेले आणि उजवे वर आलेले दिसते. हातापायांची बोटे सुजून बाळ कळवळू लागते ते साधारण याच सुमारास. बाळ जन्मतः ठणठणीत होते, मग हा आजार मधेच कोठून आला, असे आईवडील विचारतात, तेव्हा हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवणे हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. न्यूयॉर्क परिसरातील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली नेमके हेच हेरले होते. नवजात बालकांच्या पेशी विळ्याच्या आकाराच्या फारशा होत नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्यातील गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन असावे, असे त्यांनी सुचवले. एफ रेणूंचे वैशिष्ट्य असे की ऑक्सिजन कमी झाल्यावर एसचे रेणू एकमेकांना चिकटून जे लांब धागे तयार करतात, त्या धाग्यांत एफचे रेणू सामील होत नाहीत. एवढेच नव्हे, तर एक गॅमा आणि एक एस अशी साखळ्यांची मिश्र जोडी असलेला रेणूही त्यात शिरत नाही. साहजिकच धागा वाढत नाही आणि पेशी वाकत नाही.

मग गॅमाचे जनुक मिटवतो कोण, हा प्रश्न पुढे साठ वर्षे अनुत्तरित राहिला. बीसीएल११ए तोपर्यंत अज्ञात होते असे नाही. या शतकाच्या आरंभी रक्ताच्या कर्करोगांच्या अभ्यासातून ते पुढे आले होते, आणि २००३ मध्ये असे दिसले की हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत बी-लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयारच होत नाहीत व ते जन्मानंतर लवकरच मरतात. हिमोग्लोबिनशी त्याचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. २००७ आणि २००८ मध्ये संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणारे अभ्यास झाले. काही प्रौढांच्या रक्तात एफ थोडे जास्त का राहते, याचा शोध युरोपातील निरोगी व्यक्तींत आणि थॅलेसेमियाचे प्रमाण मोठे असलेल्या सार्डिनिया बेटावरील लोकांत घेतला गेला, आणि दोन्हींकडे बोट दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११एकडेच वळले. २००८ च्या अखेरीस बोस्टनमध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत या प्रथिनाचे प्रमाण कमी करून पाहिले, तेव्हा गॅमाचे प्रतिलेखन पुन्हा सुरू झाले. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांत केवळ तांबड्या पेशींच्या वंशातून हे प्रथिन काढले गेले; उंदरांचा आजार आटोक्यात आला आणि तांबड्या पेशींची घडण बिघडली नाही. माझ्या मते या साऱ्या मालिकेतला हा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तांबड्या पेशीला तयार होण्यासाठी बीसीएल११एची गरज नाही, गॅमा मिटवण्यापुरताच तेथे त्याचा संबंध आहे, हे त्यातून दिसून आले.

हे प्रथिन गॅमाच्या जनुकाजवळ नेमके कोठे बसते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या बिंदूच्या सुमारे ११५ अक्षरे आधी टीजीएसीसीए अशी सहा अक्षरे आहेत, आणि बीसीएल११ए ती ओळखून तेथे चिकटते. हीच सहा अक्षरे त्या बिंदूच्या आणखी जवळ, सुमारे ९० अक्षरे आधीही आहेत, पण दोहोंपैकी लांबची जागा या प्रथिनाला पसंत आहे. या शोधाने एक जुने कोडेही सुटले. ग्रीसमधील काही कुटुंबांत प्रौढपणीही एफचे प्रमाण १० ते २० टक्के राहते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांच्या गॅमा जनुकात आरंभबिंदूच्या ११७ अक्षरे आधी एक अक्षर बदललेले असते, म्हणजे बदल नेमका त्या सहा अक्षरांतच आहे. त्यांच्या शरीरातील बीसीएल११ए ठाकठीक असते, पण या एका ठिकाणी त्याला बसायला जागाच मिळत नाही. जन्मभर एफ वाढलेले राहणे माणसाला मानवते, याचा पुरावा निसर्गाने अशा कुटुंबांतून आधीच दिलेला होता, आणि त्याच्या आधारावरच पुढील उपचारांचे धाडस करता आले.

आपल्या प्रश्नाचा सर्वांत नेमका भाग, म्हणजे बंद केल्याने दुसरे काही बिघडत नाही का, त्याचे उत्तर असे की सरसकट बंद केले तर निश्चित बिघडते. बी-लिम्फोसाइटच्या विभेदनात या प्रथिनाची भूमिका वर आलीच आहे. रक्ताच्या मूलपेशींनाही आपली क्षमता टिकवण्यासाठी ते लागते. उंदरांच्या मूलपेशींतून ते काढून टाकल्यास त्या दुर्बळ होतात. मेंदूच्या वाढीत चेतापेशींना त्याची गरज असते. काही मुलांत जन्मतः बीसीएल११एच्या दोनपैकी एक प्रत निकामी असते. २०१६ मध्ये वर्णन झालेल्या या विकाराला डायस-लोगन सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांत एफचे प्रमाण जास्त राहते खरे, पण त्याबरोबर बौद्धिक वाढ खुंटते आणि बोलणे उशिरा येते. एफ वाढवण्यासाठी मोजावी लागणारी ही किंमत कोणत्याही पालकाला मान्य होणार नाही. दुसऱ्या टोकाला, स्तनाच्या काही कर्करोगांत हेच प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले आढळते. एकच प्रथिन वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी जनुके हाताळते, म्हणून त्याला चांगले किंवा वाईट असा शिक्का मारता येत नाही. ते कोणत्या पेशीत आणि कोणत्या वयात आहे, हे आधी विचारावे लागते.

सुटकेची वाट २०१३ मध्ये सापडली. बीसीएल११ए स्वतः एक प्रतिलेखन घटक असला तरी त्याचे जनुकही इतर प्रतिलेखन घटकांच्या ताब्यात असते, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीत ते सुरू करणारी कळ वेगळी असते. जनुकाच्या आतच, त्याच्या दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या भागात, डीएनएचा एक टप्पा असा आढळला की तो केवळ तांबड्या पेशींच्या वंशात या जनुकाचे प्रतिलेखन वाढवतो. अशा टप्प्याला एन्हान्सर म्हणतात. डॅनियल बाउअर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी तो टप्पा उंदराच्या पेशींतून काढून टाकला, तेव्हा तांबड्या वंशातील पेशींत बीसीएल११ए जवळजवळ नाहीसे झाले, मात्र बी-लिम्फोसाइटच्या वंशातील पेशींत ते पूर्वीप्रमाणेच तयार होत राहिले. गावाच्या टाकीचा पुरवठा न तोडता एका घराचा नळ बंद करता यावा, तसे हे झाले. प्रौढांत एफ थोडे कमी-जास्त ठेवणारे जे नैसर्गिक फरक पूर्वीच्या अभ्यासांत सापडले होते, तेही याच टप्प्यात होते.

त्यानंतर २०१५ मध्ये या एन्हान्सरची अक्षरे क्रिस्पर-कॅस९ या जनुक-कात्रीने ओळीने कापून पाहण्यात आली. जनुकाच्या आरंभापासून सुमारे ५८ हजार अक्षरांवरच्या एका छोट्याशा जागेत सारे बळ एकवटलेले आढळले. ती जागा गाटा१ नावाच्या दुसऱ्या प्रतिलेखन घटकाच्या बसण्याची आहे. गाटा१ हा तांबड्या पेशींच्या विभेदनाचा मुख्य सूत्रधार आहे आणि त्याच्याशिवाय तांबडी पेशी परिपक्वच होत नाही, त्यामुळे त्याला हात लावणे शक्य नाही. परंतु बीसीएल११एच्या एन्हान्सरमधील त्याची ही एक बैठक मोडली तर तो इतर सर्वत्र काम करीत राहतो आणि येथे मात्र त्याला पाय टेकता येत नाही. एका प्रथिनाच्या हजारो बैठकांपैकी नेमकी एक निवडून मोडणे, आणि तीही माणसाच्या स्वतःच्या पेशीत, ही गोष्ट मी शिकत असताना कल्पनेतही नव्हती.

यावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजुरी मिळाली. अमेरिकेत तो घेणाऱ्या सिकलसेलच्या पहिल्या रुग्ण व्हिक्टोरिया ग्रे यांना २०१९ मध्ये नॅशव्हिल येथे संपादित पेशी देण्यात आल्या होत्या. अमेरिकी नियामक संस्थेने मंजुरी देताना पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांचा विचार केला. त्यांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही. हा निकाल खरोखर मोठा आहे आणि त्याचे मोल मी कमी करू इच्छित नाही.

मात्र उपचाराची रीत समजून घेतल्याशिवाय वाट पाहण्याचा निर्णय घेऊ नये. हे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचे काम नाही. प्रथम औषध देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात आणाव्या लागतात आणि यंत्रातून रक्त फिरवून त्या वेगळ्या काढाव्या लागतात. पुरेशा पेशी मिळवण्यासाठी अनेकांना ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. त्या पेशी प्रयोगशाळेत पाठवून त्यांत कॅस९ आणि जागा दाखवणारा आरएनए सोडला जातो, कापलेली जागा पेशी स्वतःच सांधते, आणि सांधताना अक्षरे इकडेतिकडे झाल्याने गाटा१ची बैठक मोडते. मग रुग्णाला बुसल्फान हे तीव्र केमोथेरपीचे औषध देऊन उरलेली मज्जा रिकामी केली जाते आणि संपादित पेशी शिरेतून परत दिल्या जातात. नवी मज्जा रुजेपर्यंतचे काही आठवडे जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. बुसल्फानमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि मुलीच्या बाबतीत हा मुद्दा पालकांनी आज विचारात घेतलाच पाहिजे, तो तिच्या लग्नाच्या वयापर्यंत पुढे ढकलण्यासारखा नाही. मंजुरी मिळाली तेव्हा हा उपचार १२ वर्षे आणि त्यावरील वयासाठी होता. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक आहे, आणि रुग्णालयाचा खर्च त्यात धरलेला नाही. भारतात दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने सिकलसेलसाठी जनुक-संपादनाचा स्वदेशी उपचार विकसित केला असून २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने तो जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. मला त्याविषयी आशा आहे, परंतु नेहमीच्या उपचारात येण्यापूर्वी त्याला चाचण्यांचे टप्पे पार करावे लागतील.

गोळीविषयी. बहुतेक औषधे प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एखाद्या खोबणीत बसून त्याचे काम अडवतात. विकरांना (एन्झाइमना) अशा खोबणी असतात; डीएनएला चिकटणाऱ्या प्रतिलेखन घटकांचा चिकटण्याचा भाग मात्र पसरट असतो आणि तेथे लहान रेणूला पकड मिळत नाही. शिवाय गोळी रक्ताबरोबर सर्वत्र जाते, त्यामुळे मेंदू आणि लिम्फोसाइट यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तरीही हा मार्ग सोडून दिलेला नाही. गॅमा मिटवण्यात भाग घेणाऱ्या विझ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाला पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडे ओढून नेऊन नष्ट करणारा तोंडाने घेण्याजोगा रेणू २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला असून उंदरांत व माकडांत त्याने एफ वाढवले आहे. आपल्यासारख्या देशात, जेथे रुग्ण पाड्यांवर आणि रुग्णालय शंभर-दीडशे किलोमीटरवर असते, तेथे खरा फरक अखेर अशा गोळीनेच पडेल, असे माझे मत आहे.

आता आपल्या मुलीच्या १८ टक्क्यांकडे येऊ. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत एफ बहुधा १० टक्क्यांच्या आत असते, तर भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारच्या गुणसूत्रासोबत गॅमा जनुकाच्या अलीकडे, १५८व्या स्थानी, एक अनुकूल बदल येतो आणि त्यामुळे आपल्या रुग्णांत एफ अनेकदा १५ ते २५ टक्क्यांदरम्यान असते. यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो असे दीर्घकाळ मानले जाई. नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी आणि आमच्या रोजच्या अनुभवाने ते सरसकट खरे नाही हे दाखवले आहे. विदर्भातील पुष्कळ मुले एफ चांगले असूनही वारंवार दाखल होतात. याचे एक महत्त्वाचे कारण वाटणीत आहे. एका तांबड्या पेशीत साधारण ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि त्यातले १० पिकोग्रॅमच्या आसपास एफ असेल तर ती पेशी एसच्या धाग्यांपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहते, असा अंदाज आहे. अहवालातील १८ टक्के ही सर्व पेशी एकत्र फोडून काढलेली सरासरी असते. काही पेशींत एफ भरपूर आणि पुष्कळ पेशींत नगण्य, अशी विभागणी असली तरी अहवाल १८ टक्केच दाखवतो, आणि शिरा तुंबवण्याचे काम त्या नगण्य एफ असलेल्या पेशी करतात. एन्हान्सर मोडलेल्या रुग्णांत एफ ४० टक्क्यांच्या आसपास जाते आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. यश दिसते ते या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

हायड्रॉक्सियुरियाही एफ वाढवते, फक्त तिचा मार्ग वेगळा आहे. मज्जेतील झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर ताण आणून ती घडणीचा क्रम बदलते आणि त्यातून एफयुक्त पेशींचे प्रमाण वाढते. पांढऱ्या पेशी कमी होणे आणि तांबड्या पेशींचा चिकटपणा घटणे हे तिचे आणखी फायदे आहेत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तिच्यामुळे प्रौढांतील वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नव्या उपचाराची बातमी वाचून ही कॅप्सूल ‘तात्पुरती’ समजून हलगर्जीपणाने घेतली जाते, हे मी पाहतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मात्रा वजनानुसार ठरते आणि मुलांचे वजन वाढत असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ठरलेली मात्रा आज अपुरी असण्याची शक्यता बरीच असते. आपल्या मुलीच्या बाबतीत सर्वप्रथम हे तपासावे: तिचे आजचे वजन, आजची मात्रा, चुकलेले दिवस आणि रक्तातील पेशींची संख्या. पेशींची संख्या परवानगी देत असेल तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतील, आणि १८ टक्के हा तिच्यासाठी शेवटचा आकडा ठरणार नाही. एफबरोबर पेशींचा सरासरी आकार, म्हणजे अहवालातील एमसीव्ही, वाढतो आहे का हेही पाहावे. औषध नियमित पोटात जात आहे की नाही, याची ती चांगली खूण असते. मात्र सोबत अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता असल्यास एमसीव्ही कमी राहते, याचे भान ठेवावे.

दुसरी गोष्ट सख्ख्या भावंडांची. जुळणाऱ्या सख्ख्या भावा-बहिणीची मज्जा मिळाल्यास प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो, ही सोय आजही आपल्या राज्यात उपलब्ध आहे आणि लहान वयात तिचे निकाल अधिक चांगले असतात. प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे असले तरी ते दाता होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यामुळे तपासणीच केली जात नाही. मुलीला भाऊ किंवा बहीण असल्यास मज्जा जुळते का हे दाखवणारी एचएलए तपासणी करून घ्यावी, आणि त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झालेली नसेल तर तीही करावी, कारण या वयात पक्षाघाताचा धोका आधी ओळखता येतो आणि बहुतांशी टाळता येतो. जनुक-संपादनाचा निर्णय तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षी घेण्याची वेळ आली, तर तोपर्यंत तिची मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि मेंदू शाबूत असणे ही त्या उपचाराची पहिली अट असेल, आणि ती अट आजच्या कॅप्सूलने, लसींनी व थंडीत अंग उबदार ठेवून भरपूर पाणी पाजण्यानेच पुरी होते. पुढच्या तपासणीस जाताना आधीचे एचपीएलसी अहवाल, वजनाची नोंद आणि कॅप्सूलच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात, म्हणजे मात्रेचा निर्णय त्याच भेटीत होऊ शकेल.